आठ वर्षं फी भरून झाल्यावर लिहिलेला शाळेचा रिव्ह्यू

आधीच सांगून टाकते, शाळेचं नाव लिहिणार नाहीये. पोरं अजून तिथेच आहेत, धाकट्याची तर अजून सात वर्षं काढायचीत, आणि आमच्या मुख्याध्यापिका मॅडम सगळं वाचतात. सिंहगड रोडच्या आतल्या भागातली इंग्लिश मीडियम, स्टेट बोर्ड, विनाअनुदानित शाळा आहे, पोरं सकाळी जातात दुपारी घरी येतात, बस. हॉस्टेल नाही, स्विमिंग पूल नाही, घोडे तर नाहीतच. इथल्या लोकांना वर्णनावरून कळेलच, बाकीच्यांना नाव कळून करायचंय काय, अशा शाळा पुण्यात गल्लोगल्ली आहेत.

लिहायचं कारण असं की डिसेंबर उजाडला की सोसायटीत लहान पोरांचे आईबाप लिफ्टमध्ये पकडतात. "ताई, तुमच्या शाळेचं कसंय हो? रिझल्ट चांगला लागतो ना?" आता तळमजल्यापासून सहाव्या मजल्यापर्यंत मी काय सांगणार, बरी आहे म्हणते आणि उतरते. तर हे त्या सगळ्यांसाठी. मोठं होणारे, चहा घेऊन बसा.

सुरुवात फ्लेक्सपासून करते कारण तुम्हीपण तिथूनच करणार आहात. गेटवर भला मोठा फ्लेक्स आहे, वर 'यशाची उज्ज्वल परंपरा', खाली फोटो. मी एकदा व्हॅनची वाट बघत उभी होते तेव्हा टाइमपास म्हणून मोजले, तेवीस चेहरे. त्यातले नऊ दहावीचे, अकरा कुठल्यातरी खासगी ऑलिम्पियाडचे, दोन अबॅकसचे आणि एक कराटेवाला, त्याचा फोटो सगळ्यात मोठा कारण पाय वर केलेला होता.

दहावीच्या नऊमधली जी पहिली मुलगी, तीच चौकात क्लासच्या फ्लेक्सवर आहे आणि तीच पुढच्या सिग्नलला माजी नगरसेवकांच्या 'हार्दिक अभिनंदन'वरपण आहे. तीन ठिकाणी एकच फोटो, एकच दोन वेण्या. म्हणजे पोरगी हुशार आहेच, त्यात वादच नाही, पण ती नक्की कोणाचं यश आहे हे तीन फ्लेक्सवाल्यांनी एकदा बसून ठरवावं. माझं मत विचाराल तर तिच्या आईचं. पहाटे साडेचारला उठून चहा करून द्यायची ती.

आणि ते टक्के बघून घाबरू नका हो. २०२५ च्या दहावीत राज्यात २११ मुलांना १०० टक्के पडले. आमच्या वेळी ८५ वाला पेढे वाटायचा. २०१० पासून बेस्ट ऑफ फाइव्ह आहे, म्हणजे सहाशेतला सगळ्यात पडका विषय बाजूला, पाचशेपैकी टक्के. त्यात चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला ए ग्रेड असेल तर ७ मार्क वरचे, बी ला ५, सी ला ३, खेळाचे वेगळे. यात वाईट काही नाही, पोरं मेहनत करतात, पण ९६ टक्के बघून शाळा भारी असं गणित मांडू नका. ॲडमिशनला जाल तेव्हा काउंटरवर एवढंच विचारा की किती बसले होते आणि सगळ्यात खालच्याला किती पडले. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळेल. दुसऱ्याला काउंटरवरच्या मॅडम चष्मा काढून बघतील.

मी विचारलं होतं. मागच्या वर्षी दोन तुकड्या मिळून ७८ बसले, सगळे पास, सगळ्यात खालचा ५१ टक्के. आणि हा ५१ टक्केवाला मला माहितेय, आमच्याच व्हॅनमध्ये होता, नववीत गणितात दोनदा आपटलेला. त्याला आणि त्याच्यासारख्या दहाबारा जणांना गणिताचे सर शाळा सुटल्यावर थांबवून घ्यायचे, वर्षभर, आठवड्यातून तीन दिवस, एक पैसा न घेता. घरून डबा यायचा त्यांचा, तो तिथेच बसून खायचे आणि खाता खाता फळ्यावरचं बघायचे, "अरे मायनस कुठे गेला, खाल्लास का?" अशी हाक बाहेर ऐकू यायची. माझ्या मते शाळेचं त्या वर्षातलं सगळ्यात मोठं यश तो ५१ टक्के आहे. पण त्याचा फ्लेक्स कोण लावणार, आणि लावला तर त्याची आई फाडून टाकेल हेही खरं.

आता ऑलिम्पियाड. हा विषय माझ्या डोक्यात जातो म्हणून जरा सविस्तर लिहिते. पहिलीतल्या पोराला ऑलिम्पियाडचं गोल्ड मेडल मिळालं की आपल्याला वाटतं झालं, पुढचे होमी भाभा आपल्याच घरात. थोरली पहिलीत असताना मीपण स्टेटसला टाकलेलं, खोटं कशाला बोलू. मग कळलं की त्या परीक्षेला शाळेतून तिच्या इयत्तेतले अकरा जण बसले होते आणि शाळेत पहिल्या येणाऱ्यांना मेडल असतंच, म्हणजे फॉर्म भरला, फी भरली, शेजारच्यापेक्षा दोन मार्क जास्त पडले, की गळ्यात मेडल. चालवणारी खासगी मंडळी आहेत, त्यांचा धंदा आहे, पोरांना सराव होतो, ठीक आहे. पण खरं ऑलिम्पियाड हे नाही. गणिताचं खरं म्हणजे आधी आयओक्यूएम नावाची चाळणी परीक्षा, मग रिजनल, मग नॅशनल, मग कॅम्प आणि तिथून निवडून सहा पोरं देशाकडून जातात, आणि हे सगळं मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या देखरेखीत चालतं. हे आमच्या शाळेत २०२२ पर्यंत एकाही टीचरना माहीत नव्हतं. आत्ता नवीन आलेल्या गणिताच्या मॅडमनी नववीच्या तीन पोरांना आयओक्यूएमला बसवलं, तिघांचंही पुढे काही झालं नाही, पण पोरं पेपर देऊन आली ती म्हणाली मिस, तीन तासात चार प्रश्न सुटले पण मजा आली. मला हे त्या अकरा गोल्ड मेडलपेक्षा जास्त आवडलं.

त्यापेक्षा आपल्या जुन्या परीक्षा बऱ्या. स्कॉलरशिप, २०२५-२६ पर्यंत पाचवी आठवीला असायची, आता चौथी सातवीला, राज्य परीक्षा परिषदेची, दीडशे दीडशेचे दोन पेपर, तिथे कोणी ओळखीचं नाही आणि झेडपीची पोरं येऊन आपल्या इंग्लिश मीडियमवाल्यांना पाणी पाजतात. चाचरत मराठी वाचणाऱ्या आमच्या पोरांची तिथे खरी परीक्षा होते. सहावी आणि नववीची होमी भाभा बालवैज्ञानिकपण चांगली, मुंबईच्या विज्ञान अध्यापक मंडळाची, १९८१ पासून चालू आहे. लेखी झाली की प्रॅक्टिकल, आणि त्यातून वर गेलात तर प्रकल्प आणि मुलाखत. थोरली लेखीतच गळली. रडली नाही, मी रडले.

शाळा या परीक्षांची तयारी करून घेते का? अर्धी. स्कॉलरशिपचे जादा तास जुलैपासून लावतात, ते नियमित होतात, त्याला पूर्ण मार्क. होमी भाभाचं मात्र 'पुस्तक घ्या, घरी करा'. मग पालक क्लास लावतात, क्लासवाला फ्लेक्स लावतो, शाळापण लावते. चक्र समजलं ना?

आता जे मला मनापासून सांगायचंय ते. मैदान.

शाळेच्या मागे मुरमाचं मैदान आहे, लहानच आहे, एका बाजूला बसचं पार्किंग. त्यात दोन निळे खांब. खो-खोचे सर जुन्या वळणाचे आहेत, पीटीच्या तासाला बॉल फेकून मोबाईल बघत बसणारे नाहीत. सकाळी पावणेसातला मैदानावर स्वतः पाणी मारतात, मग फक्कीने रेघा आखतात, पाट्या म्हणजे आडव्या पट्ट्या मोजून मोजून. थोरली सहावीत असताना एक दिवस घरी येऊन म्हणाली आई मी खो-खोत आहे. मी म्हटलं बरंय, कारण किट लागत नाही. बॅडमिंटनच्या रॅकेटला साडेतीन हजार घालून झाले होते आणि ती रॅकेट माळ्यावर आहे.

मग हळूहळू कळायला लागलं की हे प्रकरण वेगळंच आहे. टीममध्ये बारा मुली. त्यात बिल्डरची मुलगी आहे, आमच्यासारख्या नोकरीवाल्यांच्या आहेत, आणि चौघी आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या त्या २५ टक्के राखीव जागांमधून आलेल्या. वर्गात या चौघी मागच्या बाकावर गप्प बसायच्या, इंग्लिशचं टेन्शन. मैदानावर सगळं उलटं. त्यातली एक, तिची आई आमच्या शेजारच्या सोसायटीत पोळ्या करते, ती जेव्हा साखळी पळायला, म्हणजे बसलेल्या मुलींच्या मधून नागमोडी पळायला लागते ना तेव्हा बाकीच्या पालकांच्या हातातले मोबाईल खाली येतात. पाठलाग करणारी हात लांब करते आणि ही कंबरेत अशी वाकते की फक्त वेणीला वारा लागतो. बिल्डरची मुलगी तिला 'ताई' म्हणते, वयाने दोघी सारख्या असून. आमच्या वर्गाच्या ग्रुपवर मुलांनी मिसळावं म्हणून कुणीतरी मोठाले लेख पाठवत असतात, इथे सर फक्त "खो!" म्हणून ओरडतात आणि होतं.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला वर्ल्ड कप झाला, आपण दोन्ही जिंकलो, पुरुषांचा आणि महिलांचा, दोन्ही फायनल नेपाळविरुद्ध. महिलांची कॅप्टन प्रियांका इंगळे आणि पुरुषांचा प्रतीक वायकर, दोघंही इथल्याच पुण्याच्या मातीत खेळलेले. सरांनी त्या आठवड्यात ॲक्टिव्हिटी रूममधल्या प्रोजेक्टरवर मॅच लावली, बाराच्या बारा मुली आणि त्यांच्याबरोबर आम्ही सहासात आया, कोणीतरी चिवडा आणला होता. सर मॅच कमी बघत होते आणि ओरडत जास्त होते, "बघा, बघा ती दिशा कशी फसवते, खांद्यावर बघा, पायावर नको!" मला तोपर्यंत खो-खो म्हणजे शाळेत पाय मुरगळायचा खेळ एवढंच माहीत होतं.

त्याच वर्षी आमच्या मुलींनी मनपा स्तरावर चौदा वर्षांखालच्या गटात सेमीफायनल मारली. फायनलला एका गुणाने हरल्या. माझी पोरगी बारात होती, नऊत नव्हती. म्हणजे खेळलीच नाही, कडेला बसून स्टॉपवॉच धरलं होतं तिने, सात मिनिटांच्या पाळीत दर मिनिटाला ओरडून वेळ सांगायची. शेवटच्या मिनिटाला तिचा आवाज बसला तर बोटांनी सांगायला लागली. हरल्यावर सगळ्या एका ढिगात पडून रडत होत्या आणि ही हातातलं घड्याळ बंद करायचं विसरली, घरी आलो तेव्हापण ते चालूच होतं.

आणि फ्लेक्सवर? नाही. मी ऑफिसात जाऊन विचारलं तर क्लार्क म्हणाले मॅडम, बारा फोटो बसत नाहीत. अबॅकसचे दोन बसतात, कराटेचा पाय बसतो, पण बारा पोरी बसत नाहीत! पीटीएत हा विषय तीनदा काढला तेव्हा कुठे यंदा एक ग्रुप फोटो लागलाय, खालच्या कोपऱ्यात. कडेला कापताना माझ्या पोरीचा अर्धा चेहरा गेलाय, पण स्टॉपवॉचवाला हात आलाय. आम्ही येताजाता त्या हाताला टाटा करतो.

दुसरी गोष्ट तोच जानेवारी. सिंहगड रोडवाल्यांना सांगायला नको, जीबीएस, तो नसांवर हल्ला करणारा गियाँ-बारे आजार. नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, सगळीकडे धास्ती, टँकरचं पाणी, विहिरीचं पाणी, कुणाचं काय खरं कळेना. शाळेने नेहमीप्रमाणे ॲपवर मेसेज टाकला, 'उकळलेले पाणी द्यावे'. पण सायन्सच्या मॅडमनी त्याच्यापुढे जाऊन एक काम केलं. सातवी आठवीच्या पोरांना क्लोरोस्कोप दाखवला, प्लास्टिकचा छोटा डबा असतो, नळीत पाणी घ्यायचं, त्यात ते ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकायचे, पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे, आणि किती पिवळं त्यावरून किती आहे ते रंग जुळवून बघायचं. एका लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम तरी हवं. थेंब टाकलेलं पाणी पोरांनी पिऊ नये म्हणून मॅडमनी दहा वेळा बजावलं आणि प्रत्येक गटाबरोबर एक पालक दिला. मी होते एका गटाबरोबर.

दोन आठवड्यांत ४६ घरं झाली. पोरं वहीत लिहीत होती, सोसायटी कोणती, कॉर्पोरेशनचं की टँकरचं की बोअरचं, टाकी शेवटची कधी धुतली. या शेवटच्या प्रश्नावर माणसं कशी चिडतात हे बघण्यासारखं होतं. आमच्याच सोसायटीत सेक्रेटरी काकांच्या घरी गेलो, काका मोठ्या थाटात म्हणाले "आपलं पाणी एकदम शुद्ध आहे, घ्या बाळांनो, करा टेस्ट." थेंब टाकले. पाणी पांढरं ते पांढरंच. एक मिनिट थांबलो. पांढरंच. एक बारका पोरगा चष्मा वर करत म्हणाला, "काका, टाकी कधी धुतली?" काकू आतून म्हणाल्या, "दिवाळीच्या आधीच्या दिवाळीला." त्या रविवारी टाकी धुवायला माणसं आली.

या प्रकल्पाला मेडल नाही, सर्टिफिकेट नाही. मॅडमनी कार्डबोर्डवर तक्ता करून पालकसभेच्या दिवशी कॉरिडॉरमध्ये लावला, कुठल्या सोसायटीत किती ते, नावं न घालता. सगळ्या पालकांनी तिथे थांबून फोटो काढले. मला वाटलं होतं शाळा यातलं काही इन्स्पायर मानकला पाठवेल, ती केंद्र सरकारची स्कीम आहे, सहावीपासूनची मुलं आयडिया देतात, निवडली तर १० हजार रुपये मिळतात मॉडेल करायला. पण फॉर्म भरायची तारीख ऑफिसात कुणाच्या लक्षातच राहिली नाही. हे असं आहे आमच्या शाळेचं. टीचर सोन्यासारखे, ऑफिस रामभरोसे.

ऑफिसचा विषय निघालाच आहे तर तक्रारींची पोतडी उघडते.

ॲप. रात्री ९:४० ला मेसेज येतो, 'उद्या यलो डे आहे, कृपया पाल्यास पिवळे फळ द्यावे'. रात्री पावणेदहाला मी पिवळं फळ कुठून आणू? एकदा केळी नव्हती तर नवऱ्याने लिंबू दिलं डब्यात. धाकट्याने ते वर्गात सगळ्यांना चाटायला दिलं.

युनिफॉर्म एकाच दुकानातून. शाळा लेखी कधीच सांगत नाही की तिथूनच घ्या, फक्त त्या कपड्याचा तो निळा रंग आख्ख्या पुण्यात दुसऱ्या कुठल्या दुकानात मिळत नाही. पुस्तकं तरी अप्पा बळवंत चौकात जाऊन घेता येतात, स्टेट बोर्ड असल्याचा फायदा.

पोरींची टॉयलेट्स. चार वर्षं बोलतोय. सकाळी स्वच्छ असतात, मधल्या सुट्टीनंतर नाही, आणि एकच मावशी दोन मजले बघतात, त्यांचा काय दोष. माझी पोरगी घरी येईपर्यंत पाणी पीत नाही. बाकी सगळं हसण्यावारी नेईन, हे नेणार नाही. बघायला जाल तेव्हा ऑफिसवाले एसी असलेली कॉम्प्युटर लॅब दाखवतील, तुम्ही दुसऱ्या मजल्यावरचं टॉयलेट बघायला मागा, साडेअकराच्या नंतर.

वेळ. सरकारने २०२४-२५ पासून चौथीपर्यंतच्या शाळा नऊला किंवा नंतर भरवायला सांगितल्या, पोरांची झोप होत नाही म्हणून, आणि हेतू अगदी योग्य आहे. पण आमच्याकडे मोठ्यांची शाळा ७:२० ला आणि धाकट्याची ९ ला, म्हणजे व्हॅनच्या दोन फेऱ्या, दोन बिलं, आणि मी सकाळी सहा ते नऊ फक्त डबे भरते. शाळेने यावर उपाय म्हणून लवकर येणाऱ्या धाकट्यांसाठी लायब्ररी उघडी ठेवू असं सांगितलं होतं. लायब्ररीची किल्ली अजून सापडतेय.

फी. आठवीची यंदा ७२ हजार, अधिक बस, अधिक अधूनमधून येणारे दोनशे पाचशे. महाग आहे का, तर आजूबाजूच्या चकचकीत शाळांच्या निम्मी आहे. पण एक गोष्ट नवीन पालकांना माहीत नसते म्हणून सांगते, महाराष्ट्रात २०११ चा फी नियमन कायदा आहे आणि त्यानुसार प्रत्येक शाळेत पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती लागते, आणि ती चिठ्ठ्या टाकून निवडायची असते, मॅनेजमेंटच्या ओळखीचे चार पालक बोलावून नाही. २०२३ ला माझी चिठ्ठी निघाली. मला काही कळत नव्हतं, पण एक पालक सीए होते त्यांनी खर्चाचे कागद मागितले, आणि प्रस्तावात १४ टक्के वाढ होती ती चार मीटिंगनंतर ९ वर आली, दोन वर्षांसाठी पक्की. शाळेच्या बाजूने एवढं म्हणेन की त्यांनी कागद दिले, तोंडं वाकडी करून दिले पण दिले, आणि मीटिंगला सामोसे गरम होते.

आरटीईच्या बाबतीत पण माझं मत संमिश्र आहे. सरकार शाळेला एका मुलामागे जास्तीत जास्त १७,६७० रुपये देतं आणि तेही थकवतं, हे मॅनेजमेंट प्रत्येक मीटिंगमध्ये ऐकवतं. २०२४ ला सरकारी शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खासगी शाळांना सूट असा नियम काढलेला, तो जुलैत हायकोर्टाने रद्द केला, त्यामुळे त्या वर्षी पहिलीतली ही पोरं ऑगस्टमध्ये आली. बाकीच्यांचं ए बी सी डी संपून स्पेलिंग चालू झालेलं. पहिलीच्या टीचरनी सगळ्या वर्गाला परत पहिल्यापासून सुरू केलं, आठ दिवस, 'रिव्हिजन' म्हणून. दोन पालकांनी तक्रार केली की आमच्या मुलांचा वेळ जातोय. टीचर त्यांना म्हणाल्या, "तुमच्या मुलाला झेड अजून उलटा येतो." विषय संपला.

गॅदरिंगचंपण तसंच. स्टेजवर प्रत्येक मूल आलंच पाहिजे हा आमच्या शाळेचा जुना नियम, त्यामुळे एका नाचात चाळीस पोरं आणि मागच्या रांगेतलं आपलं पोर शोधायला दुर्बीण लागते, पण येतं, झाडाच्या रोलमध्ये का होईना. दोन वर्षांपूर्वी ड्रेपरीवाल्याने भाडं सांगितलं ४५० रुपये. ग्रुपवर सगळ्यांनी थंब्स अप टाकले. सहा जणींनी काहीच टाकलं नाही. वर्गशिक्षिकेने कोणाला काही न विचारता दुसऱ्या दिवशी मेसेज टाकला, कॉस्च्युम बदललाय, पांढरा शाळेचा शर्ट आणि आईची रंगीत ओढणी किंवा साडी कमरेला. वीस आयांच्या वीस साड्या स्टेजवर एकदम आल्या तेव्हा काय दिसलं म्हणून सांगू, आम्ही सगळ्या नाच सोडून आपापली साडी शोधत होतो. माझी जांभळी इरकल मधेच पायात आली आणि एक पोरगी पडली, उठली, परत नाचली. इरकलीवर बुटाचा डाग आहे अजून.

आषाढीची दिंडी पावसात भिजते, टाळ मोठ्यांच्या हातात आणि विठोबा झालेल्या पोराला शू लागते, हे दरवर्षी ठरलेलं, त्यावर वेगळं काय लिहू.

शिक्षक टिकतात का हे विचारा नक्की. आमच्याकडे मराठी, सायन्स, पीटी हे जुने आणि पक्के. इंग्लिश आणि गणिताला हालचाल फार, थोरलीला सहावीत एका वर्षात गणिताला तीन टीचर झाले, तिसऱ्या आल्या तेव्हा पोरांनी त्यांनाच विचारलं, "मिस तुम्ही कधी जाणार?" पगार कमी असतात म्हणून जातात, सगळ्यांना माहितेय, कोणी बोलत नाही. फी वाढवताना ही वाढ टीचरच्या पगारात किती जाणार हा प्रश्न मी समितीत विचारला होता. त्याचं उत्तर सामोशाबरोबर आलं.

स्टार किती? शिक्षक आणि मैदान पाच, पालक म्हणून दारात उभं राहिलं तर ऐकून घेतात का याला चार, ऑफिस दोन, टॉयलेट एक आणि तो एकही मावशींसाठी. ॲव्हरेज तुम्ही काढा, मी साडेतीन देतेय, इथे अर्धा चालत नाही म्हणून चार दिसतील.

बघायला जाणार असाल तर शनिवारी सकाळी जा, ओपन हाऊसच्या दिवशी नको, त्या दिवशी कुंड्यासुद्धा भाड्याच्या असतात. शनिवारी सात ते साडेआठ खो-खो असतो. मेन गेटला गाडी लावू देत नाहीत, मागच्या गल्लीत रसवंतीगृहाशेजारी लावा आणि बारक्या गेटने आत या, वॉचमनकाकांना सरांचं नाव सांगितलं की सोडतात. फॉर्म खिडकी नंबर दोनला, जन्मदाखल्याच्या आणि आधारच्या दोन दोन झेरॉक्स घरूनच न्या, तिथलं मशीन मी बघतेय तेव्हापासून बंद आहे.